कंत्राटदाराची पारख

१०० शेर चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली म्हणजे तिच्यातून ५६ शेर चुनकळी हाती येते आणि बाकीचे ४४ शेर कर्बवायूच्या रूपाने आकाशात निघून जातात. सिमेंटच्या निर्मितीतही मुख्य द्रव्य चुनखडीच असल्यामुळे हीच क्रिया तेथे घडते, आणि भट्टीची आच सुमारे १४५० अंशांपर्यंत चढवावी लागत असल्यामुळे जळणाऱ्या इंधनाचा धूर तीत आणखी मिळतो; मनुष्याच्या उद्योगांमुळे जगभर जो कर्बवायू वातावरणात जातो त्याचा शेकडा सात ते आठ इतका हिस्सा एकट्या सिमेंटच्या नावे लागतो, तो यामुळेच. पोलाद, भाजलेली वीट, काच, अॅल्युमिनियम यांचा हिशेबही याच खात्यात मांडावा लागेल. यावरून एक गोष्ट उघड होते की, जे घर आज उभे आहे त्याच्या जोत्यासाठी, भिंतींसाठी आणि छपरासाठी निसर्गाला जी किंमत मोजावी लागली ती केव्हाच मोजून झाली आहे, आणि ते पाडून त्याच जागी पर्यावरणपूरक म्हणवणारे दुसरे घर उभारले तरी ती किंमत पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. म्हणून घराचे काम ज्याच्या हाती द्यावयाचे त्या कंत्राटदाराची पहिली पारख, माझ्या मते, तो काय काय बांधू शकतो यावरून न करता, समोर उभ्या असलेल्या वास्तूपैकी काय राखता येईल हे तो किती नेमके सांगू शकतो यावरून करावी.

बाजारात चालणारी पारख याहून निराळी आहे. सौर तावदाने, दूरदेशीचे बांबूचे तक्ते, विजेची बचत करणारी उपकरणे यांची यादी ज्याच्या पत्रकात लांबलचक, तो उत्तम असा समज रूढ झाला आहे. या वस्तू निरुपयोगी आहेत असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु वस्तू विकत मिळतात, त्या बसवणाऱ्याचे ज्ञान विकत मिळत नाही. मानांकनांचेही तसेच आहे. २००१ साली स्थापन झालेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल आणि ‘टेरी’ या संस्थेने केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या साहाय्याने सिद्ध केलेली ‘गृहा’ ही पद्धती यांनी इमारतीचा आराखडा, पाणी, ऊर्जा, कचरा यांच्या परीक्षणाची शिस्त आपल्याकडे आणली, आणि २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने राहत्या घरांच्या भिंती, छप्पर व खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिली; नवे घर बांधणाऱ्याने आपल्या कंत्राटदाराला व वास्तुविशारदाला या संहितेची ओळख आहे की नाही हे अवश्य विचारावे. तथापि हे मानांकन इमारतीला मिळते, गवंड्याच्या हाताला मिळत नाही, आणि गावातल्या एखाद्या कौलारू घराच्या दुरुस्तीत तर त्याचा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही.

तेथे उपयोगी पडते ती पहिल्या भेटीची साक्ष. अंगणात उभे राहूनच चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्या माणसाने घर पाहिलेले नसते, त्याने केवळ त्याचे क्षेत्रफळ पाहिलेले असते. जाणता कंत्राटदार प्रथम घराभोवती एक फेरी मारतो. पागोळ्या कोठे पडतात, त्यांचे पाणी जोत्यापासून दूर जाते की पायात मुरते, परसातली जमीन मागच्या काही वर्षांत भरावाने वर आली आहे काय, हे पाहतो. मग भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांकडे वळून तो दरजांतला मसाला खिळ्याने खरवडतो आणि तो मातीचा, चुन्याचा की सिमेंटचा हे ठरवतो. माळ्यावर चढून वाशांची टोके हातोडीने वाजवून पाहतो, कारण लाकूड कुजते ते बहुधा भिंतीत शिरलेल्या टोकापासून. घर कोणत्या साली बांधले, वाढीव पडवी केव्हा काढली, मोरी पूर्वी कोठे होती, असे प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारतो. एवढे झाल्यावरही तो भाव सांगत नाही, चार दिवसांची मुदत मागतो. अशा माणसाला मुदत द्यावी.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांचे उदाहरण घेतले म्हणजे या पाहणीचे मोल ध्यानात येईल. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून ताजा काढलेला चिरा तासण्याजोगा मऊ असतो आणि वारा लागल्यावर कठीण होत जातो. मातीच्या किंवा चुन्याच्या दरजांत बसवलेली अशा चिऱ्यांची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे उन्हाळ्यात ती बाहेर टाकते, आणि या घेण्यादेण्यावरच तिचे आयुष्य अवलंबून असते. अलीकडे अशा भिंतीवर ‘मजबुती’साठी सिमेंटचा जाड गिलावा चढवण्याची प्रथा सर्रास पडली आहे. जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीला त्या गिलाव्यातून सहजासहजी बाहेर पडता येत नाही, ती भिंतीतच वरवर सरकते, तिच्याबरोबरचे क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साचतात, भिंतीला लोणा लागतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे चिऱ्याचा पृष्ठभाग बरोबर घेऊन खाली येतात. यावर उपाय म्हणून पुन्हा सिमेंट, त्यावर जलरोधक रंग, आणि अखेर ‘भिंतच नादुरुस्त झाली आहे, पाडून टाकू’ हा सल्ला, असा क्रम मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे, कारण पाडली जाणारी ती भिंत नादुरुस्त नव्हती.

खरा उपाय कष्टाचा आहे. सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढावा, जोत्याभोवतीचा भराव खणून पाण्याला वाट द्यावी, भिंतीला एक उन्हाळाभर वाळू द्यावे आणि मग चुन्याचा गिलावा करावा. हे काम ज्याला द्यावयाचे त्याला विचारावे की चुना कोठून आणणार, कोठे विरवणार आणि किती दिवस विरवणार. विरवलेला चुना हौदात पाण्याखाली जितका अधिक काळ राहील तितका तो गुळगुळीत व चिवट होतो. पूर्वी तो वाळूबरोबर बैलांच्या घाण्यात दळला जाई आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचे पाणी घालण्याची चाल होती. हा गिलावा हवेतला कर्बवायू सावकाश शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो, त्यामुळे भट्टीत जे गेले त्यातले पुष्कळसे तो वर्षानुवर्षे परत घेत राहतो. पातळ थर, थरांमधला अवधी, उन्हापासून आडोसा या गोष्टी ज्याला विचारल्याशिवाय सांगता येतात त्याचा हात या कामाला बसलेला आहे असे समजावे. ज्याला त्या सांगता येत नाहीत तो वाईट कारागीर आहे असे मात्र समजू नये; काँक्रीटच्या कामात तो निष्णात असू शकेल, पण जुनी भिंत त्याच्या स्वाधीन करू नये.

छपराविषयीही हेच. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही सपाट, एकमेकांत अडकणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. शंभरी गाठलेली मंगळुरी कौले आजही घरांवर शाबूत दिसतात. छप्पर गळते याचा अर्थ बहुतेक वेळा काही कौले फुटली आहेत, रिपा वाकल्या आहेत किंवा कोपऱ्यातली पन्हळ भरली आहे इतकाच असतो. सांधकामात निपुण असलेला सुतार वाशाचे कुजलेले टोक कापून तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडू शकतो, आणि ऐनाचा किंवा सागाचा जुना वासा बहुशः नव्या बाजारी लाकडाहून सरस असतो. सगळे छप्पर उतरवून त्या भिंतींवर स्लॅब टाकावी, असे जो सुचवील त्याला ते वजन भिंत व पाया पेलतील याचे गणित कोणत्या अभियंत्याने केले हे विचारावे. गणित नसेल तर बोलणे तेथेच थांबवावे.

येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते, कारण परंपरेवरच्या प्रेमापोटी तो पुष्कळदा दिला जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेत गाडली गेली, ती स्थानिक दगड, स्थानिक माती आणि स्थानिक लाकूड यांनीच बांधलेल्या घरांत. दगडांच्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांशी बांधलेले नव्हते, आरपार जाणारे सांधेदगड घातलेले नव्हते, मातीच्या दरजांना पकड नव्हती, आणि वर माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेल्यामुळे छपराचे वजन अतोनात झाले होते. धरणी हलताच पदर सुटले आणि भिंती कोसळल्या. याच गावांत लाकडी खांब व तुळयांच्या खणांची चौकट काही ठिकाणी भिंती पडल्यावरही उभी राहिलेली दिसली, ही गोष्ट अभियंत्यांनी नोंदवून ठेवली आहे. म्हणजे दोष दगडमातीचा नव्हता, बांधणीचा होता; आणि पुढे दुरुस्ती-मजबुतीकरणाचा जो कार्यक्रम सरकारने हाती घेतला त्यात सांधेदगड बसवणे, भिंतींना सलग पट्टीने बांधणे, माळवदाची जास्तीची माती उतरवणे अशाच उपायांवर भर होता. जो कंत्राटदार मातीच्या व दगडाच्या घराचे गुणगान करतो पण कोपरे कसे बांधणार, दारा-खिडक्यांच्या वरून सलग पट्टी फिरवणार की नाही, या प्रश्नांवर गप्प बसतो, त्याची भक्ती घरात राहणाऱ्यांच्या जिवावर उठू शकते.

नवीन बांधकामात मालाचा प्रश्न अधिक मोठा होतो. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून व्हावे असे गांधीजींनी लिहिले होते, आणि सेवाग्रामची कुटी पाहणाऱ्याला त्या विचाराचा अर्थ माती, बांबू आणि कौले यांच्या रूपाने प्रत्यक्ष दिसतो. १९४५ साली भारतात आलेले आणि पुढे केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर या विचाराचे ऋण आयुष्यभर मान्य करत राहिले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये हवेची पोकळी राखण्याची पद्धत त्यांनी इतकी रुळवली की तिच्यामुळे विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते आणि भिंत उन्हालाही अधिक अडवते, हे हजारो घरांनी सिद्ध केले आहे. पण बेकरांपासून मला घ्यावासा वाटतो तो गुण निराळा आहे : ते कामाच्या जागेवर गवंड्यांच्या बरोबर उभे राहत, जागेवरचे झाड आणि जमिनीचा उतार पाहून नकाशा बदलत आणि दरवाजा, खिडकी, गिलावा यांपैकी प्रत्येक गोष्ट लावण्यापूर्वी ती खरोखर लागते काय असे विचारत. कंत्राटदाराने हा प्रश्न आपणहून विचारावा अशी अपेक्षा करणे जड जाईल, कारण बहुधा त्याचा नफा कामाच्या आकारमानावर ठरतो. म्हणून मोबदल्याची रीतच अशी ठरवावी की कमी माल वापरल्याने त्याचे नुकसान होऊ नये. मजुरी व देखरेख यांची रक्कम ठरवून माल घरमालकाने स्वतः विकत घेण्याची पद्धत त्रासाची खरी, पण या दृष्टीने ती सर्वांत प्रामाणिक आहे.

मालाच्या प्रत्येक जिनसेला एक इतिहास असतो आणि तो विचारण्याचा हक्क घरमालकाला आहे. वाळू नदीतली असेल तर तिच्या स्वामित्वधनाची पावती व वाहतुकीचा परवाना पाहिल्यावाचून एक ब्रासही उतरवून घेऊ नये. रात्री येणारी स्वस्त वाळू कोणत्या तरी नदीचे पात्र आणि कोणत्या तरी गावाच्या विहिरी कोरड्या करून येत असते. चांगल्या प्रतीची, धुतलेली दगडी वाळू मिळत असताना नदीच्या वाळूचा हट्टही धरू नये. सिमेंट घेताना साध्या पोर्टलँडऐवजी औष्णिक वीजकेंद्रांची राख शेकडा १५ ते ३५ मिसळलेले पोझोलाना सिमेंट, किंवा पोलादाच्या कारखान्यातली मळी मिसळलेले सिमेंट, घरगुती कामांना सामान्यतः पुरेसे असते; कोराडी, चंद्रपूर, परळी येथील केंद्रांची राख विटांतही जाते. मात्र या सिमेंटला पाणी मारण्याचे दिवस अधिक लागतात. भारतीय मानकांप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला निदान १० दिवस, तेही उष्ण व कोरड्या हवेत वाढवून, सतत ओलावा द्यावा लागतो. हा आकडा कंत्राटदाराला पाठ असून उपयोग नाही. पाणी मारण्यासाठी त्याने माणूस नेमला आहे काय आणि रविवारी तो येतो काय, हे पाहावे.

पारखीचा सर्वांत भरवशाचा भाग म्हणजे त्याची जुनी कामे. गेल्या दिवाळीत वास्तुशांत झालेले घर तो मोठ्या हौसेने दाखवील. तेही पाहावे, पण त्याने बांधलेली, निदान पाच-सहा पावसाळे सोसलेली घरे मागून घ्यावीत आणि शक्य तर आषाढ-श्रावणात, पाऊस कोसळत असताना पाहावीत. स्लॅबच्या पोटाला डाग आहेत काय, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांना ओल आहे काय, पावसाचे पाणी साठवण्यासाठी बसवलेले नळ टाकीपर्यंत पोहोचतात की मध्येच तुटून लोंबत आहेत, हे त्या दिवशी कोणी लपवू शकत नाही. छपराच्या १०० चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०० लिटर पाणी येते. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस होणाऱ्या गावी तेवढ्याच छपरावर तीन लाख लिटर पडते, आणि ज्याने पन्हळीचा आकार या गणिताने ठरवला नसेल त्याची ती सारी व्यवस्था पहिल्या मुसळधार सरीतच ओसंडते. घरमालकांना एकांतात विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत : ठरल्यापेक्षा किती अधिक पैसे लागले, ते आधी सांगून मागितले की काम अडवून, आणि तक्रार केल्यावर तो पुन्हा आला काय. त्याच्या मजुरांशीही बोलावे. ज्याच्याकडे तेच गवंडी आणि तेच सुतार वर्षानुवर्षे टिकून आहेत, ज्याने बिगाऱ्यांची मजुरी थकवलेली नाही आणि ज्याच्या परांचीला कठडा आहे, त्याच्या कामात सातत्य असते. मजुराच्या जिवाची पर्वा नसलेल्या माणसाने नदीची आणि डोंगराची पर्वा केली असेल असे मानणे कठीण आहे.

जुन्या घरात दोन जिन्नस असे असतात की ज्यांच्याविषयीचे अज्ञान थेट आरोग्यावर बेतते. पडवीवर घातलेल्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते पत्रे ओले करून, अखंड, खिळे सोडवून उतरवावेत, घणाने फोडू नयेत. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव दाट आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० वर आणणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले, म्हणजे त्यापूर्वीची दारे-खिडक्या कोरड्या घासून रंगवणे, विशेषतः घरात लहान मूल असताना, सर्वथा वर्ज्य समजावे. सदनिकेच्या नूतनीकरणात आणखी एक दंडक पाळावा : नळासाठी वा वातानुकूलन यंत्रासाठी तुळई किंवा खांब छिलावयास जो तयार होईल त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी रजा द्यावी.

आता कराराविषयी. २०१६ चा स्थावर संपदा कायदा आणि ‘महारेरा’ यांमुळे विकासकाकडून घर घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंतच्या बांधकामदोषांबद्दल संरक्षण मिळाले, परंतु स्वतःच्या जमिनीवर स्वतःसाठी घर बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला तो कायदा सहसा लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली बांधकाम ही सेवा म्हणून दाद मागता येते. पण दाद मागताना पुढे ठेवावयास कागद लागतो, आणि तो कागद बहुतेकांकडे नसतो. मुद्रांकावर केलेल्या करारनाम्यात नकाशे जोडलेले असावेत. प्रत्येक मालाचे नाव, प्रत व दर लिहिलेला असावा. मोजमाप कसे घ्यावयाचे आणि वाढीव कामाला घरमालकाची लेखी कबुली लागेल ही शर्त असावी. पर्यावरणाच्या ज्या गोष्टी तोंडी कबूल होतात त्या सगळ्या येथे कलमांच्या रूपाने याव्यात : कोणत्या भिंती, कोणते वासे, कोणती झाडे राखावयाची, उतरवलेली कौले, चिरे, दारे यांची मोजदाद कोण ठेवील आणि ती कोठे वापरली जातील, राडारोडा कोणत्या जागी, कोणाच्या खर्चाने जाईल. हे शेवटचे कलम नसले म्हणजे रात्री एखादा ओढा बुजतो.

पैशाचे हप्ते दिवसांवर न ठरवता कामाच्या टप्प्यांवर ठरवावेत : जोते, भिंतींची उंची, छप्पर, गिलावा, ताबा. इसाराची रक्कम माल आणण्यापुरती असावी. एकूण रकमेपैकी शेकडा पाच ते दहा भाग अनामत म्हणून एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट प्रथमच सांगावी. ही अट ऐकून जो रागावत नाही, उलट पहिल्या पावसानंतर पाहणीला येण्याची तारीख स्वतःच लिहून घ्या म्हणतो, असा माणूस भेटला तर दोन दरपत्रकांत त्याचे दरपत्रक थोडे चढे असले तरी काम त्यालाच द्यावे. ताबा घेताना त्याच्याकडून गिलाव्यापूर्वी काढलेली नळांची व विजेच्या तारांची छायाचित्रे, वापरलेल्या मालाच्या पावत्या, चुन्याच्या व रंगाच्या मिश्रणाचे प्रमाण आणि त्या कामावरच्या गवंड्या-सुतारांची नावे मागून घ्यावीत, म्हणजे वीस वर्षांनी जो कोणी ती भिंत उघडू पाहील त्याला आत काय आहे हे फोडल्यावाचून कळेल.